वीतभर खडीचें ओझें

पावसाळा संपून रानांतील वाटा वाळल्या कीं महाराष्ट्रांत खेडोपाडीं बांधकामाचा हंगाम सुरू होतो. कोणाचें घर, कोणाची विहीर, कोणाच्या गोठ्याची जमीन. काम लहान असो कीं मोठें, त्याला सिमेंट लागतें, वाळू लागते आणि खडी लागते. सिमेंटचीं पोतीं मोजून येतात, लोखंड तोलून येतें. खडी मात्र बहुधा डोळ्यांच्या अंदाजानें येते. ती वाहून आणण्याचें साधन पूर्वीं बैलगाडी होतें. आज अरुंद गल्लींतून व शेताच्या कडेकडेनें जाऊं शकणारी पिकअप मोटार हें लहान बांधकामाचें हक्काचें वाहन झालें आहे.

या बदलांत एक गोष्ट मात्र हरपली. बैल हा ओझ्याचा उत्तम परीक्षक होता. गाडींत भार जास्त झाला कीं तो चढावर थांबे, प्रसंगीं गुडघे टेकी, आणि गाडीवानाला निमूटपणें चार पाट्या उतरून ठेवाव्या लागत. मोटारीचें इंजिन तसें करीत नाहीं. दीड टनासाठीं बनविलेल्या गाडींत तीन टन खडी भरली तरी तें थोडें घुरघुरतें, काळा धूर सोडतें आणि चालूं लागतें. गाडी हालली म्हणजे ओझें झेपलें, असा समज तेथेंच होतो. आणि खडीच्या वाहतुकींतील पुष्कळ अपघातांचें मूळ या समजांत आहे. ओझें ओढणें ही एक गोष्ट, तें सांवरणें ही दुसरी, आणि तें थांबविणें ही तिसरी. इंजिन यांपैकीं फक्त पहिलीचा जिम्मा घेतें. राहिलेल्या दोहोंचा जिम्मा कोणावर आहे, हें समजण्यास आधीं खडीचें वजन नीट ओळखलें पाहिजे.

दख्खनच्या पठारावर खडी बहुतेक काळ्या पाषाणाची असते. खाणींत सुरुंगानें फोडलेलें डबर क्रशरच्या जबड्यांत भरडलें जातें, आणि निरनिराळ्या भोंकांच्या चाळण्यांतून त्याच्या प्रती वेगळ्या होतात. भराव्याच्या व रस्त्याच्या कामाची ४० मिलिमीटरची, म्हणजे दीड इंची. स्लॅबच्या काँक्रीटची २० मिलिमीटरची, म्हणजे पाऊण इंची. त्याहून बारीक १० आणि ६ मिलिमीटरची, आणि अखेरीस कच. हा काळा पाषाण पाण्याहून सुमारें २.८ ते २.९ पट जड आहे. एक घनमीटर पाणी १ टन भरतें. तेवढ्याच आकाराचा अखंड पाषाण पावणेतीन टनांच्या वर जातो.

अर्थात् खडी अखंड नसते. तुकड्यांच्या मधून मधून पोकळी राहते आणि ती पोकळी वजन कमी करते. किती कमी करते, हें घरच्या घरीं पाहतां येतें. १० लिटरची बादली खडीनें कांठोकांठ भरावी आणि मापून पाणी ओतीत जावें. साधारणपणें साडेचार लिटर पाणी आंत मावतें. याचा अर्थ असा कीं बादलींत दगड केवळ साडेपांच लिटर आहे. पण त्या साडेपांच लिटर दगडाचें वजन साडेपंधरा किलोंच्या आसपास होतें, आणि पाण्यानें भरलेल्या त्याच बादलींत १० किलो पाणी असतें. यावरून एक सोपा नियम हातीं येतो: सैल भरलेली खडी ही तेवढ्याच जागेंत मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट जड असते. एवढा एक नियम ध्यानांत राहिला तर पुढचें सारें गणित बोटांवर करतां येतें.

खडीचें मोजमाप महाराष्ट्रांत ब्रासनें होतें. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मीटरच्या हिशेबानें २.८३ घनमीटर. तेव्हां वरील नियमाप्रमाणें एक ब्रास खडीचें वजन सुमारें सव्वाचार टन झालें, आणि एका घनफुटाचें सुमारें साडेबेचाळीस किलो. दगडाची जात, तुकड्यांचा आकार आणि भरण्याची रीत यांप्रमाणें हा आंकडा थोडा मागेंपुढें होतो. परंतु व्यवहाराला तो पुरेसा आहे.

आतां गाडीकडे वळावें. प्रत्येक मालवाहू मोटारीच्या नोंदणीपत्रावर दोन वजनें लिहिलेलीं असतात. एक रिकाम्या गाडीचें, आणि दुसरें मालासह तिचें जास्तींत जास्त किती वजन व्हावें त्याचें. दुसऱ्यांतून पहिलें वजा केलें म्हणजे गाडीनें किती माल न्यावा तें कळतें. त्यांतूनच ड्रायव्हर व सोबतचा मनुष्य यांचेंही वजन जावयाचें असतें. ‘छोटा हत्ती’ या नांवानें प्रसिद्ध असलेली, २००५ सालीं निघालेली टाटा एस ही लहान गाडी मुळांत सुमारें पाऊण टन मालाची. तिच्याहून मोठ्या पिकअप गाड्यांत मॉडेलप्रमाणें सव्वा टनापासून दोन टनांपर्यंतचे प्रकार आहेत. उदाहरणादाखल दीड टनाची एक गाडी घेऊं या. तिचा हौदा ९ फूट लांब व साडेपांच फूट रुंद आहे आणि फाळके दीड फूट उंच आहेत असें समजावें.

या हौद्याचें तळाचें क्षेत्र सुमारें ५० चौरस फूट. फाळक्यांच्या कांठापर्यंत, शीग न ठेवतां, सपाट खडी भरली तर ती ७४ घनफूट होते, म्हणजे पाऊण ब्रास. तिचें वजन तीन टनांच्या वर जातें. मर्यादा दीड टनाची आणि ओझें तिच्या दुपटीहून अधिक! उलट बाजूनें हिशेब केला तर दीड टन म्हणजे सुमारें ३५ घनफूट. हौद्यांत सपाट पसरली तर तिचा थर साडेआठ इंचांचा होतो. नऊ इंच म्हणजे एक वीत. तेव्हां या गाडीचें पुरें ओझें म्हणजे हौद्यांत वीतभर खडी. वीतभर खडी भरलेला हौदा पाहणाऱ्याला अर्धा रिकामा दिसतो, आणि येथेंच डोळा फसतो.

हा फसवेपणा खडीचाच आहे; सर्व मालांचा नाहीं. त्याच हौद्यांत कांठोकांठ कांदा भरला तर त्याचें वजन सव्वा टनाच्या आसपास राहतें, कारण कांदा पाण्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक भरतो. कडबा तर फाळक्यांच्या वर माणसाच्या उंचीएवढा रचला तरी वजनाची मर्यादा गांठीत नाहीं. ज्या ड्रायव्हरची नजर कांद्यावर व कडब्यावर तयार झाली, तो खडीच्या खाणीवर आला म्हणजे त्याच नजरेनें हौदा भरूं देतो. शेतमालाच्या बाबतींत हौद्याचा कांठ ही मर्यादा असते. खडीच्या बाबतींत कांठ हें मर्यादेचें माप नव्हेच.

भरण्याच्या आधुनिक पद्धतीनें या चुकींत भर पडली आहे. पूर्वीं फावड्यानें व घमेल्यानें खडी भरली जाई. प्रत्येक घमेल्याला मजुराचा हात आणि पाठ साक्ष देई. आज क्रशरवर जेसीबीनें भरतात. या यंत्राच्या पुढल्या बाजूच्या मोठ्या बकेटींत साधारणतः एक घनमीटर किंवा थोडी अधिक खडी मावते. म्हणजे एकच भरलेली बकेट दीड टनाची होते! दीड टनाच्या पिकअपला पहिली बकेट पडतांच तिचा वांटा पुरा झाला. पण बकेट पडून खडी पसरली कीं हौदा अर्ध्याहून अधिक रिकामा दिसतो. खालून कोणी तरी दुसऱ्या बकेटीची खूण करतो, आणि यंत्र चालविणाऱ्याला हात मागें घेण्याचें कांहीं कारण नसतें. अर्ध्या मिनिटांत गाडीचें ओझें दुप्पट होतें. शिवाय हें ओझें उंचावरून एकदम आदळतें, तो धक्का निराळाच.

हें जादा वजन गाडींत नेमकें कोठें जातें तें आतां पाहावें. हौद्यांतील माल सांगाड्यावर, सांगाड्यावरून कमानीच्या पाट्यांवर, पाट्यांवरून आंसावर म्हणजे एक्सलवर, आंसावरून चाकांवर आणि चाकांवरून टायरांतील हवेवर येतो. ही एक सांखळी आहे, आणि सांखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीएवढीच असते. पुष्कळ गाडीवाले गॅरेजांत जाऊन मागील कमानींत एक-दोन पाटे वाढवून घेतात. त्यामुळें गाडी भाराखालीं बसत नाहीं, ताठ दिसते, आणि मालकाला वाटतें कीं गाडीची ताकद वाढली. वस्तुतः सांखळीची एकच कडी जाड झालेली असते. आंस तोच, बेअरिंग तींच, चाकाचे बोल्ट तेच, टायर तेच आणि ब्रेकही तेच. उलट, पूर्वीं गाडी खालीं बसून ‘भार फार झाला’ असें सांगत असे. पाटे वाढविल्यावर तिची ती तक्रारही बंद पडते.

टायरची गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रत्येक टायरच्या बाजूवर मापाच्या आंकड्यापुढें एक भारांक छापलेला असतो. १०० हा भारांक म्हणजे ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, आणि ११२ म्हणजे ११२० किलो; तेंही टायरांत नेमून दिलेला हवेचा दाब पुरता असेल तर. आपल्या उदाहरणांतील हौदा कांठोकांठ भरला म्हणजे मागील आंसावर गाडीच्या स्वतःच्या भारासह तीन टनांहून अधिक वजन येतें. मागें दोनच चाकें असलीं तर प्रत्येक टायरवर दीड टनापेक्षां जास्त भार पडतो. असा टायर प्रत्येक फेऱ्यांत जमिनीपाशीं चेपतो व वर गेल्यावर फुगतो. या सततच्या लवण्यानें रबर आंतून तापतें. बाहेरून हात लावून तें पुरतें समजत नाहीं. उन्हाळ्यांतील दुपार, तापलेली डांबरी सडक आणि कमी हवा यांची जोड मिळाली कीं टायर फुटतो. आणि भरल्या गाडीचा मागचा टायर वेगांत फुटणें म्हणजे गाडी हातांतून जाणें होय.

भार किती आहे याइतकेंच तो कोठें आहे यालाही महत्त्व आहे. उतरवितांना फावड्याला सोपें जावें म्हणून खडीचा ढीग पुष्कळदां मागच्या फाळक्यापाशीं ठेवतात. लहान मुलांच्या फळीच्या झोक्याचा न्याय येथें लागतो. मागचा आंस हा मधला टेकू; टेकूच्या मागें भार ठेवला कीं पुढचें टोंक वर उचलूं लागतें. पुढच्या व मागच्या आंसांत ३ मीटर अंतर आहे आणि मालाचा मध्य मागच्या आंसाच्या ३० सेंटिमीटर मागें पडला आहे असें धरलें, तर मालाच्या एक-दशांश इतका भार पुढच्या चाकांवरून कमी होतो. दीड टनास दीडशे किलो, तीन टनांस तीनशे किलो. पुढचीं चाकें अशीं हलकीं झालीं म्हणजे स्टिअरिंग हलकें लागतें. नवख्याला तें बरें वाटतें; जाणता ड्रायव्हर तें ओळखून गाडी थांबवितो. कारण वळण्याचें सारें काम पुढच्याच चाकांना करावयाचें असतें, आणि जमिनीवर दाब नसेल तर चाक वळलें तरी गाडी वळत नाहीं. चढावर ही अडचण आणखी वाढते. म्हणून खडी हौद्यांत सपाट पसरावी आणि तिचा मध्य मागच्या आंसाच्या किंचित् पुढें राहील असें पाहावें.

आतां तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: थांबणें. रिकामी असतांना १.७ टन असलेली आपली गाडी दीड टन मालानें ३.२ टनांची होते. ती ताशीं ४० किलोमीटर वेगानें चालली असतां पुरा ब्रेक दाबल्यावर सुमारें सव्वाबारा मीटरांत थांबते असें धरावें. हौदा कांठोकांठ भरल्यास तीच गाडी ४.८ टनांची, म्हणजे दीडपट होते. ब्रेकची पकड मूळ भारासाठीं बेतलेली. ती दीडपट होत नाहीं. म्हणून थांबण्याचें अंतर दीडपट होतें, साडेअठरा मीटर. शिवाय धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्या सेकंदांत ११ मीटर जातात, तीं वेगळींच. वाढलेलें अंतर सहा मीटरांचें आहे. गांवच्या शाळेसमोर रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीनें हें सहा मीटर म्हणजे सर्व कांहीं आहे.

सपाटीवर ही स्थिति, तर घाटांत ती अधिक बिकट होते. उतरतांना गाडीला वेग इंजिन देत नाहीं, उंची देते. आणि उंचीनें दिलेली ती सारी शक्ति कोठें तरी उष्णतेच्या रूपानें जिरवावी लागते. इगतपुरीहून कसाऱ्याकडे थळघाट उतरतांना सुमारें ३०० मीटर उंची संपते. ३.२ टनांची गाडी एवढें उतरली तर जी उष्णता निर्माण होते तिनें ३० लिटर थंड पाणी उकळीला येईल. ४.८ टनांच्या गाडीच्या बाबतींत तें पाणी ४५ लिटर होतें. यांतील कांहीं भाग वारा व इंजिन घेतात. परंतु ड्रायव्हर सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर फार मोठा भाग चार चाकांतील मूठभर ब्रेक-लायनिंगला सोसावा लागतो. तें प्रमाणाबाहेर तापलें कीं त्याची पकड सुटूं लागते. ड्रायव्हर अधिक जोरानें दाबतो, लायनिंग अधिक तापतें. त्याची ऊब नळ्यांतील ब्रेक-ऑइलपर्यंत पोंचते. हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेणारें असतें. डॉट ३ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या जातीचें नवें तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या जुन्या तेलाची तीच हद्द १४० अंशांवर येते. तेल उकळलें म्हणजे नळींत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दबत नाहीं, वाफ दबते. पायाखालचें पेडल अचानक तळाला जातें आणि चाकाला कांहींच कळत नाहीं. ‘ब्रेक फेल झाला’ या शब्दांत जी बातमी येते तिच्या मागें पुष्कळदां हा एवढा इतिहास असतो, आणि त्याचा आरंभ क्रशरवरील दुसऱ्या बकेटीपाशीं झालेला असतो.

यावर उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्यें तो उतरावा. म्हणजे इंजिन स्वतः गाडीला मागें ओढून धरतें आणि ब्रेकला विसांवा मिळतो. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें किंवा इंजिन बंद करणें हा शुद्ध आत्मघात आहे. इंजिन बंद होतांच ब्रेकला त्याच्याकडून मिळणारें साहाय्य थोड्याच दाबांत संपतें आणि पेडल दगडासारखें कठीण होतें. वेगहि आधींच कमी असावा. कारण वेग दुप्पट झाला तर जिरवावयाची शक्ति चौपट होते.

आणखी एक दृश्य खेड्यापाड्यांत नित्याचें आहे. भरलेल्या खडीच्या ढिगावर ती उतरविण्यासाठीं नेलेले दोन-चार मजूर बसलेले असतात. कोणाच्या हातांत फावडें, कोणाच्या डोक्यावर उलटें घमेलें. खडी ही बसण्याची जागा नव्हे. वळणावर ती एका बाजूस सरकते, आणि धक्क्यासरशी माणूस फाळक्यावरून बाहेर फेंकला जातो. गाडी कलंडली तर तीन टन दगड त्याच्या अंगावर येतो. मजुरांना वेगळ्या गाडीनें किंवा पुढच्या फेरीआधीं कामावर पोंचवावें. त्याचप्रमाणें हौद्यावर ताडपत्री घालून ती बांधणें ही केवळ शोभा नव्हे. उडालेला पाऊण इंची खडा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा डोळा घेऊं शकतो. आणि वळणावर सांडलेली मूठभर खडी पुढच्या दुचाकीचें चाक घसरविण्यास पुरेशी असते.

कायद्यानें या बाबतींत संदिग्धता ठेवलेली नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ११३ व्या कलमानें नोंदणीपत्रांत लिहिलेल्या एकूण वजनापेक्षां जड गाडी चालविण्यास मनाई आहे. संशय आल्यास गाडी कांट्यावर नेऊन तोलविण्याचा अधिकार ११४ व्या कलमांत आहे. १९४ व्या कलमाखालील दंड २०१९ च्या दुरुस्तीनें वाढला. तो २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा ठरला, आणि जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. तो माल उतरल्याखेरीज गाडी हलवूं द्यावयाची नाहीं, असेंही कलमांत आहे. ड्रायव्हर हा मालक नसेल तर गुन्हा मालकाच्या माहितीनें किंवा हुकुमानें घडला असें न्यायालयाला गृहीत धरतां येतें, ही गोष्ट मालकांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

असें असूनही जादा खडी कां भरली जाते? याला लोभ हें एकच उत्तर देऊन भागणार नाहीं. खडीचा भाव ब्रासवर ठरतो. सरकारचें स्वामित्वधन ब्रासवर आकारलें जातें. गाडीचें भाडें फेरीवर ठरतें. या सबंध व्यवहारांत किलो हा शब्द कोणीच उच्चारीत नाहीं. वजन विचारणारा कोणी भेटतो तो थेट रस्त्यावर. घर बांधणारा म्हणतो, अर्धा ब्रास एका फेरींत आण. ड्रायव्हरवर गाडीच्या हप्त्याचा तगादा असतो. तो नाहीं म्हणाला तर दुसरा हो म्हणणारा उभा असतो. अशा वेळीं ओझ्याचा निर्णय एकटा ड्रायव्हर करीत नाहीं. गिऱ्हाईक, मालक, क्रशरवाला आणि ड्रायव्हर असे चौघे मिळून तो करतात. घाटांत मात्र तो एकट्या ड्रायव्हरला निभवावा लागतो.

निव्वळ पैशांचा हिशेब केला तरी हा व्यवहार किफायतीचा ठरत नाहीं. एका ब्रासचें वजन सव्वाचार टन. दीड टनाच्या गाडीला तीन फेऱ्या. अर्ध्या-अर्ध्या ब्रासच्या दोन फेऱ्यांत काम उरकलें तर वांचली ती एक फेरी, तिचें डिझेल आणि दोन-तीन तास. त्यापुढें अकालीं झिजलेले टायर, तुटलेले पाटे, जळालेली क्लच-प्लेट आणि एकदांच झालेला दंड मांडून पाहावा. शंभर फेऱ्यांत वांचलेलें एका दिवसांत जातें. काम एक-दोन ब्रासांहून मोठें असेल आणि वाट रुंद असेल, तर टिपर किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली बोलवावी. तें स्वस्तही पडतें. पिकअप ही अरुंद वाटेची आणि थोड्या मालाची गाडी आहे. तिचें काम तिला करूं द्यावें.

ज्यांच्या दारीं पिकअप आहे त्यांना एक साधा उपाय करतां येण्याजोगा आहे. एकदां थोडा वेळ काढून गाडी मोजमापानें भरावी आणि वजनकांट्यावर तोलावी. नोंदणीपत्रांतील वजनाशीं कांटा जुळला म्हणजे हौद्यांतील खडी सपाट करून, ती जेथपर्यंत आली असेल तेथें फाळक्याच्या आंतल्या बाजूस रंगानें एक ठळक रेघ ओढावी. आपल्या उदाहरणांतील हौद्यांत पाव ब्रास सहा इंचांवर येईल, ब्रासचा तिसरा हिस्सा आठ इंचांवर, आणि अर्धा ब्रास फूटभर होऊन रेघेच्या वर जाईल. छोट्या हत्तीला ब्रासच्या सहाव्या हिश्शावरच थांबावें लागेल. ओला मुरूम किंवा भिजलेली कच असेल तर रेघेच्याही खालीं थांबावें, कारण मुरलेलें पाणी जागा न वाढवितां वजन वाढवितें.

बैल अडत असे तें काम आतां या रेघेला करावयाचें आहे. फरक एवढाच कीं बैलाचें न ऐकून चालत नसे. रेघेचें ऐकणें मनुष्याच्या हातीं आहे. गिऱ्हाईकानें ‘आणखी थोडी टाक’ म्हणण्यापूर्वीं आणि यंत्रवाल्याला दुसऱ्या बकेटीची खूण करण्यापूर्वीं ती रेघ पाहिली जावी, एवढीच अपेक्षा आहे.